पावती वेगळी, मान वेगळा

पत्र:

ताई, मी मूळचा मिरजेचा. चौदा वर्षांपूर्वी शिष्यवृत्तीवर इंग्लंडला आलो, पीएच.डी. केली आणि आता त्याच विद्यापीठात शिकवतो. ज्या घराण्याच्या देणगीतून मला शिष्यवृत्ती मिळाली, त्याच घराण्याचं नाव आमच्या विभागाच्या इमारतीला आहे. या घराण्याचे कॅरिबियन बेटांवर उसाचे मळे होते आणि त्या मळ्यांत गुलाम राबत होते, हे आता कागदोपत्री सिद्ध झालंय. इमारतीचं नाव बदलायचं का हे ठरवायला विद्यापीठाने समिती नेमली आणि मलाही तिच्यात घेतलं. माझ्या शेजारच्या खोलीत बसणारी सहकारी बार्बाडोसहून आलेल्या कुटुंबातली आहे. ती म्हणते, "मला रोज त्या नावाखालून आत यावं लागतं." आमचे जुने विभागप्रमुख म्हणतात, इतिहास पुसू नका. आईला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, "बाळा, खाल्ल्या मिठाला जागावं. त्यांच्याच पैशावर शिकलास ना?" तेव्हापासून मला नीट झोप नाही. शिवाय मी भारतीय. हे गोऱ्या-काळ्यांचं भांडण, त्यात मी कुणाच्या वतीने बोलू? आणि नुसतं नाव बदलून बदलतं तरी काय? पहिली बैठक पुढच्या महिन्यात आहे.
(कृपया नाव छापू नये.)

उत्तर:

तुमच्या आईंचं वाक्य मला खोडून काढायचं नाही. देणाऱ्याची आठवण ठेवावी, ही शिकवण घेऊनच आपण सगळे वाढलो. पण ज्या मिठाला जागायचं ते मीठ नेमकं कुणाचं, हे तुम्ही अजून स्वतःला विचारलेलं दिसत नाही. तुमची झोप तिथेच अडकली आहे, असं पत्र वाचताना मला वाटत राहिलं.

आमच्या गावच्या विठ्ठल मंदिरात सभामंडपाला चार पंखे आहेत. प्रत्येकाच्या पात्यावर लाल रंगात 'कै. अमुक यांच्या स्मरणार्थ' असं लिहिलेलं. लहानपणी कीर्तनाला बसलं की मध्येच वीज जायची, पंखा हळूहळू थांबायचा आणि मग ती अक्षरं वाचता यायची. त्यातली दोन नावं मला अजून पाठ आहेत. पायरीवर नाव, घंटेवर नाव, भिंतीतल्या संगमरवरी पाटीवर नावांची रांग आणि पुढे रुपये ५०१, रुपये १५१. या सगळ्या पावत्या. देऊळ मात्र विठ्ठलाचं. उद्या कळलं की त्या रांगेतल्या एकाने सावकारी करून गरिबांच्या जमिनी गिळल्या होत्या, तरी त्याची नोंद कुणी खरवडणार नाही, कारण पैसे आले होते ही खरीच गोष्ट आहे. पण देवळालाच त्याचं नाव असतं, तर गावाला एकत्र बसून बोलावंच लागलं असतं.

पैसे मिळाल्याची नोंद म्हणजे पावती. इमारतीला नाव देणं म्हणजे मान. पावती एकदा फाडली की काम संपतं, मान मात्र रोज द्यावा लागतो. पत्ता लिहिताना, विद्यार्थ्यांना 'तीन वाजता अमुक हॉलमध्ये या' असं सांगताना, पदवीच्या दिवशी दारात उभं राहून फोटो काढताना तो तुमच्या-आमच्या तोंडून आणि हातून दिला जातो. तुमच्या समितीपुढचा प्रश्न एवढाच आहे: हा मान यापुढे द्यायचा का? पावती फाडून टाका असं तुम्हाला कुणी सांगितलेलं नाही, आणि सांगितलं तर ऐकू नका.

आता मिठाकडे येऊ. तुम्ही मिरजेचे, म्हणजे उसाचा फड तुम्हाला सांगायला नको. डिसेंबरच्या थंडीत पाचटावर झोपणारी पोरं, पहाटे कोयता घेऊन उभ्या राहिलेल्या बाया, हातांना पडलेल्या चिरा, हे आईंनीही पाहिलेलं असणार. त्यांना मजुरी मिळते, कमी का असेना, आणि हंगाम संपला की घरी जाता येतं. कॅरिबियन मळ्यांवरच्या माणसांना यातलं काहीच नव्हतं. बार्बाडोसमधल्या एका मळ्याची गोष्ट सांगते. क्रिस्टोफर कॉड्रिंग्टन नावाचा मळेमालक १७१० मध्ये वारला. त्याने आपले मळे चर्चच्या धर्मप्रसारक सोसायटीला दिले आणि ऑक्सफर्डच्या ऑल सोल्स कॉलेजला ग्रंथालयासाठी १० हजार पौंड. धर्मप्रसारकांच्या ताब्यात गेलेल्या त्या मळ्यावर गुलामांच्या छातीवर तापलेल्या लोखंडाने एक शब्द डागला जाई: 'सोसायटी'. आपल्याकडे बैलाला डाग देतात तसा. देणगीदाराचं नाव दगडावर कोरलं जात होतं त्याच काळात हे माणसाच्या कातडीवर चाललं होतं.

पुढे १८३३ मध्ये ब्रिटिश संसदेने आपल्या वसाहतींतली गुलामगिरी संपवायचा कायदा केला आणि भरपाईपोटी २ कोटी पौंड दिले. ते मिळाले मालकांना. ज्यांची आयुष्यं गेली त्यांना छदाम मिळाला नाही. त्यासाठी सरकारने काढलेल्या कर्जाची शेवटची बाकी २०१५ मध्ये फिटली, म्हणजे तुम्ही तिथे गेल्यावर भरलेल्या करातली चार-दोन नाणीही त्यात गेली असतील. तुमची शिष्यवृत्ती त्या घराण्याच्या तिजोरीतून आली हे खरं, पण तिजोरी भरली कुणी? मिठाला जागायचं असेल तर त्यांनाही जागावं लागेल.

'मी भारतीय, माझं यात काय' असं तुम्ही लिहिलंय. गुलाम मोकळे झाले आणि मळेमालकांना मजूर हवे झाले, तेव्हा जहाजं कुठे आली? आपल्याकडे. १८३४ पासून मॉरिशसला आणि १८३८ मध्ये ब्रिटिश गयानाला करारावर माणसं नेली गेली, गिरमिटिया म्हणतात ती. रत्नागिरीकडून गेलेल्यांचे वंशज मॉरिशसमध्ये आजही स्वतःला मराठी म्हणवतात, गणपती बसवतात. त्यांचे पणजोबा त्याच पिकासाठी, तशाच मालकांच्या हाताखाली राबले. गिरमिट म्हणजे गुलामगिरी नव्हे आणि दोन्ही एका मापाने मोजणं मला पटत नाही. पण साखरेच्या या हिशेबात आपलं पान आहेच. तेव्हा कुणाच्या तरी वतीने बोलायची चिंता सोडा. समितीत तुम्ही तुमच्या स्वतःच्या नजरेने बोला, तेवढं पुरे.

इंग्लंडमधल्याच ब्रिस्टल विद्यापीठात काय झालं ते जरा सविस्तर सांगते, कारण तुमची समिती ज्या रस्त्याला लागणार तो ते चालून आले आहेत. 'विल्स' हे नाव आपल्याला पानपट्टीवरून ठाऊक. १९९६ चा क्रिकेटचा विश्वचषकही त्याच नावाचा होता. हे घराणं मूळ ब्रिस्टलचं, तंबाखूचा धंदा अठराव्या शतकाच्या अखेरीपासूनचा. १९०८ मध्ये हेन्री ओव्हरटन विल्स यांनी १ लाख पौंड देऊ केले, १९०९ मध्ये विद्यापीठाला सनद मिळाली आणि पहिले कुलपतीही तेच झाले. त्यांच्या मुलांनी वडिलांच्या स्मरणार्थ जी इमारत बांधली ती १९२५ मध्ये पंचम जॉर्जच्या हस्ते उघडली: २१५ फुटांचा मनोरा, आत साडेनऊ टनांची घंटा. पदवीदान तिथल्याच मोठ्या सभागृहात होतं. म्हणजे नाव घरातल्या एखाद्या खोलीचं नव्हे, उंबरठ्याचं.

७ जून २०२० ला ब्रिस्टलच्या लोकांनी एडवर्ड कोल्स्टनचा पुतळा दोर लावून पाडला, रस्त्यावरून लोळवत नेला आणि बंदरात ढकलला. कोल्स्टन ज्या रॉयल आफ्रिकन कंपनीचा पदाधिकारी होता, तिने त्याच्या काळात सुमारे ८४ हजार आफ्रिकी माणसं जहाजांत कोंबून नेली आणि त्यातली १९ हजारांच्या आसपास वाटेतच मेली. ब्रिस्टल विद्यापीठाच्या बोधचिन्हात या कोल्स्टनचा डॉल्फिन होता, विल्सचा सूर्य होता आणि चॉकलेटवाल्या फ्राय घराण्याचा घोडा होता. विद्यापीठाच्या उभारणीला आलेल्या संपत्तीपैकी ८५ टक्के संपत्ती गुलामांच्या श्रमांवर अवलंबून होती, असा त्यांचा स्वतःचाच अंदाज आहे. त्यांनी गुलामगिरीच्या इतिहासासाठी प्राध्यापकपद निर्माण केलं, ४ हजारांहून जास्त लोकांचं म्हणणं ऐकलं आणि नोव्हेंबर २०२३ मध्ये निर्णय दिला. डॉल्फिन काढला. सूर्य आणि घोडा ठेवले. विल्ससकट सात इमारतींची नावं तशीच ठेवली, जाहीर माफी मागितली आणि वांशिक विषमता कमी करण्याच्या कामाला दहा वर्षांसाठी १ कोटी पौंड बाजूला काढले.

मला हा निर्णय अर्धा पटतो. कोल्स्टन १७२१ मध्येच वारला, या विद्यापीठाला त्याने दमडी दिलेली नव्हती. पावतीच नाही, नुसता मान. तो गेला हे उत्तम झालं. माफीसोबत पैसे काढले हेही चांगलं. विल्स यांच्या बाजूने म्हटलं जातं की ते गुलामांचे मालक नव्हते, ते पानं विकत घेत होते. पण अमेरिकेतल्या व्हर्जिनियातली ती तंबाखूची पानं १८६५ मध्ये तिथली गुलामगिरी संपेपर्यंत कोण तोडत होतं, हे विकत घेणाऱ्याला ठाऊक नव्हतं असं म्हणवत नाही. तरीही विकत घेणारा आणि मालक यांत फरक आहे, हे मी मानते. जुलूम करणाऱ्या प्रत्येक बाजारात जो जो गिऱ्हाईक होता त्याचं नाव काढायचं ठरवलं, तर आपल्यातलं कुणीच उरणार नाही.

तुमच्या पत्रातलं घराणं मात्र मालक होतं. माणसं त्यांच्या वहीत बैल आणि कढयांच्या शेजारी मांडलेली होती. म्हणून माझं मत स्पष्ट आहे: नाव उतरवण्याच्या बाजूने मत द्या. घराण्याने दिलेल्या पैशाची नोंद ठेवा, पण दारावरचा मान काढा.

तुमचे विभागप्रमुख इतिहास पुसू नका म्हणतात, ते बरोबरच बोलतात. त्यांना उलट विचारा: गेली इतकी वर्षं ते नाव दारावर आहे, त्यावरून किती विद्यार्थ्यांना मळ्यांचा इतिहास कळला? दारावरच्या नावाने इतिहास कळत नाही, तो झाकला जातो. ऑल सोल्सने काय केलं पाहा. आधी ग्रंथालयाच्या दाराशी, त्या मळ्यांवर गुलामीत राबलेल्यांच्या स्मरणार्थ दगडी पाटी लावली. बार्बाडोसच्या कॉड्रिंग्टन कॉलेजला १ लाख पौंड दिले. २०२० च्या अखेरीस ग्रंथालयाला 'कॉड्रिंग्टन' म्हणणं थांबवलं. आत मधोमध त्याचा संगमरवरी पुतळा अजून उभा आहे. तिथे जाणाऱ्याला आज आधीपेक्षा जास्त इतिहास कळतो. हा नमुना समितीपुढे ठेवा, सरांनाही तो नाकारणं जड जाईल.

एक व्यवहाराची गोष्ट, आणि ती पहिल्या बैठकीआधी करायची आहे. दानपत्राची प्रत मागवा. नाव किती काळ ठेवायचं, काढल्यास काय, हे त्यात लिहिलेलं असू शकतं. अमेरिकेत नॅशव्हिलच्या व्हँडरबिल्ट विद्यापीठात एका वसतिगृहाचं नाव 'कॉन्फेडरेट मेमोरियल हॉल' होतं. गुलामगिरी टिकवण्यासाठी लढलेल्या दक्षिणी सैनिकांच्या लेकी-नातींच्या संघटनेने १९३३ मध्ये त्यासाठी ५० हजार डॉलर दिले होते. विद्यापीठाने 'कॉन्फेडरेट' हा शब्द काढायचं ठरवलं तेव्हा संघटना कोर्टात गेली. २००५ मध्ये कोर्टाने सांगितलं, शब्द काढायचा तर देणगी आजच्या किमतीने परत करा. २०१६ मध्ये विद्यापीठाने १२ लाख डॉलर मोजले आणि शब्द उतरवला. हे आईंनाही सांगा. परत करायची तयारी ठेवून कुणी मान काढून घेत असेल, तर त्याला मीठ विसरलेला म्हणता येत नाही.

तुमच्या शिष्यवृत्तीबद्दल: पहिल्याच बैठकीत सांगून टाका आणि इतिवृत्तात लिहून घ्या. 'मी या घराण्याच्या निधीवर शिकलो' हे तुमच्या तोंडून आधी आलं की ते कुणाला तुमच्यावर उगारता येणार नाही. आणि तुमच्या बोलण्याला त्यामुळे वजनच येईल. शिष्यवृत्ती परत करायची का, असा विचार मनात येत असेल तर तो सोडा. तुम्ही अभ्यास केला, पदवी मिळवली, आता शिकवता. पैशाचं ते चीज झालं.

नुसतं नाव बदलून काय बदलतं, हा प्रश्न मराठी माणसाने तरी विचारू नये असं मला मनापासून वाटतं. २७ जुलै १९७८ ला आपल्या विधिमंडळाने मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचा ठराव केला आणि पुढचे दिवस मराठवाड्यात काय घडलं ते ठाऊक असलेली माणसं अजून आहेत. दलितांची घरं जाळली गेली, माणसं मारली गेली. १४ जानेवारी १९९४ ला 'डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ' असा नामविस्तार झाला, तोवर सोळा वर्षं लोक मोर्चे काढत होते, तुरुंगात जात होते, लाठ्या खात होते. तिथे देणगीदाराचा प्रश्न नव्हता, तरी दारावर कुणाचं नाव आहे याने आत येणाऱ्याची मान ताठ होते की खाली जाते, हे त्या सोळा वर्षांनी दाखवून दिलं. तुमची सहकारी वेगळं काय सांगते आहे?

तिच्याबद्दलही एक सांगायचंय. तिच्यावर उपकार म्हणून मत देऊ नका आणि साऱ्या बार्बाडोसच्या वतीने बोलायचा भार तिच्यावर टाकू नका. तिला एवढंच विचारा की आत पाटी लावायची झाली तर तिच्यावर काय लिहिलेलं तिला वाचायला आवडेल. मग शांत बसून ऐका.

पत्रात तुम्ही विचारलेलं नाही, पण कुणीतरी विचारणारच: मग आपल्याकडचं काय? माझा जन्म ससूनमधला. पुण्यातलं हे रुग्णालय डेव्हिड ससून यांच्या देणगीतून उभं राहिलं आणि चीनशी चालणारा अफूचा व्यापार हा ससून घराण्याच्या संपत्तीचा मोठा भाग होता. मुंबईत सर जमशेटजी जीजीभाईंच्या १ लाख रुपयांतून १८५७ मध्ये जे.जे. कलाशाळा निघाली, त्यांचाही पैसा बराचसा अफूतला. त्या अफूने चीनमधली लाखो घरं बसली. चिनी माणूस ससूनच्या दारातून रोज आत येत नाही, म्हणून आपल्याला ते नाव टोचत नाही, हे मला कबूल करावं लागतं आणि कबूल करताना बरं वाटत नाही. तरी आज मला विचाराल तर मी 'ससून' हे नाव ठेवीन, कारण पुण्यात तो शब्द आता माणसाचा उरलेला नाही, गरिबाच्या शेवटच्या आधाराचा झालाय. पण पोर्चमध्ये अफूची गोष्ट सांगणारी पाटी लावावी असं मात्र मला वाटतं, मोठ्या अक्षरांत, मराठीत. ज्याचा निवाडा करायचा त्याच्याबद्दल तीन गोष्टी विचाराव्यात: पैसा आला कसा, आज त्या नावाखालून चालतं कोण, आणि ते नाव आता लोकांच्या तोंडी कशाचं झालंय. तुमच्या इमारतीत पहिल्या दोन्हींची उत्तरं तुम्हीच पत्रात लिहिली आहेत.

नाव उतरलं तर नवं काय, यावरही जपून राहा. रिकामी झालेली जागा पुढच्या श्रीमंताला द्यायचा मोह विद्यापीठांना होतो. नवं नाव विकलं जाणार नाही असं ठरावात लिहून घ्या. रस्त्याचं नाव द्या, विषयाचं द्या, काही काळ नुसता क्रमांक राहिला तरी बिघडत नाही. आणि नुसती पाटी बदलून समितीला उठू देऊ नका. त्या निधीचा काही हिस्सा कॅरिबियन बेटांवरच्या मुलांच्या शिक्षणाला जाईल, एवढं तरी पदरात पाडून घ्या.

राहिल्या आई. १८१७ नंतर कॅरिबियन वसाहतींत गुलामांच्या नोंदवह्या ठेवल्या गेल्या आणि लंडनच्या राष्ट्रीय अभिलेखागारात त्या आजही आहेत. मळ्याच्या मालकाच्या नावाखाली एकेका माणसाची ओळ: नाव, वय. तुमच्या घराण्याच्या मळ्यांचं पान शोधा. बैठकीसाठी त्याची प्रत काढालच. त्यातली चार-पाच नावं, वयांसकट, पुढच्या रविवारी आईंना फोनवर सावकाश वाचून दाखवा, लहान मुलांची नावं वगळू नका. त्या काय म्हणाल्या, ते मला कळवा.